चिप आपली झाली, पण लिनक्स तिच्यावर चालणार का?

गेल्या काही वर्षांत देशी प्रोसेसरच्या बातम्या सारख्या कानावर येतात. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’, सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचे ‘वेगा’ मालिकेतले प्रोसेसर, महासंगणकांसाठी आखलेला ‘ऑम’. यातल्या रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावरच्या प्रोसेसरांसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये ‘डीआयआर-व्ही’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रमही सुरू केला. पुण्यात या बातम्या जरा जास्तच आपुलकीने वाचल्या जातात. सी-डॅकचं मुख्यालय इथलं, १९९१चा परम ८००० हा महासंगणक इथे घडला, आणि ‘सी-डॅक केलंय’ एवढं म्हटलं की कुठला कोर्स हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अशी बातमी आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. चिप तयार झाली, लिनक्स (संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) तर फुकट मिळतं, मग ते तिच्यावर टाकलं की झालं. एवढा वेळ कशाला लागतो?

प्रश्न रास्त आहे. लिनक्स खरोखरच फुकट मिळतं. पण नवी चिप त्याच्या ओळखीची नसते. ती ओळख अर्ज करून, पैसे भरून किंवा मंत्रालयाचं पत्र जोडून मिळत नाही. लिनक्स घडवणाऱ्या लोकांत जाऊन काम करावं लागतं आणि काम झाल्यावर तिथे टिकून राहावं लागतं. आपल्याकडे चिपच्या बातमीत ट्रान्झिस्टर किती, नॅनोमीटर किती, हे सगळं छापून येतं. हा भाग मात्र सुटतो, आणि चिप लोकांच्या वापरात येणार की प्रदर्शनातल्या काचेमागे राहणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

## ‘सपोर्ट’ म्हणजे नेमकं काय?

संगणकातलं सगळ्यात खालच्या थरातलं सॉफ्टवेअर म्हणजे कर्नल. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कुणाला कधी चालू द्यायचं, कळ दाबली गेली तर ते कुणाला कळवायचं, हे कर्नल ठरवतो. लिनक्स हे मुळात अशा एका कर्नलचं नाव आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतो.

कर्नलला हार्डवेअरबद्दल बरंच काही माहीत असावं लागतं. सगळ्यात आधी आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या मूळ आज्ञांची यादी. इंटेल आणि एएमडीच्या चिपांचा एक, आर्मचा दुसरा, रिस्क-फाइव्हचा तिसरा. पण दोन चिपांचा आज्ञासंच एकच असला तरी त्या आतून सारख्या नसतात. प्रोसेसरच्या शेजारी त्याच सिलिकॉनवर टायमर असतो, यूएसबी, नेटवर्क, मेमरी कार्ड हाताळणारे भाग असतात, आणि ते प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने बनवते. अशा प्रत्येक भागाला चालवणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. लिनक्सच्या सगळ्या कोडपैकी निम्म्याहून जास्त कोड या ड्रायव्हरांचाच आहे.

त्यापुढे येतो बोर्ड. एकच चिप दोन कारखान्यांनी दोन वेगळ्या बोर्डांवर बसवली, तर एकाने तापमानाचा सेन्सर या पिनेला जोडलेला असतो, दुसऱ्याने त्या. आर्म चिपांच्या बाबतीत पूर्वी ही माहितीसुद्धा कोडमध्येच लिहायचे. दर नव्या बोर्डागणिक नवी फाइल. स्मार्टफोनच्या लाटेत या फायली इतक्या वाढल्या की २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. त्यानंतर आर्मच्या गोटातल्या लोकांनी ही माहिती कोडमधून बाहेर काढून ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या मजकुराच्या फायलीत ठेवायला सुरुवात केली. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, कोणत्या तारेने जोडला आहे, एवढंच त्यात असतं. आज नवा बोर्ड बनवणाऱ्याला पुष्कळदा ही एक फाइल लिहूनच भागतं, अर्थात आतली चिप लिनक्सला आधीपासून माहीत असेल तर.

कर्नलच्या बाहेरही काम उरतंच. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचं त्या आज्ञासंचात रूपांतर करणारा कंपायलर हवा, वीज आल्यावर कर्नलला मेमरीत आणून सुरू करणारा बूटलोडर हवा, आणि डेबियन किंवा फेडोरासारख्या तयार संचात त्या चिपसाठी हजारो प्रोग्रॅम बांधून ठेवलेले हवेत. हे सगळं मिळून प्लॅटफॉर्म सपोर्ट. यातली एक जरी कडी नसली, तर ग्राहकाच्या हातात पडतो तो फक्त वीज खाणारा बोर्ड.

## ‘कोड खुला आहे, मग आपल्यापुरते बदल करून घ्या!’

कायद्याने हे करता येतं. बहुतेक कंपन्या सुरुवात अशीच करतात. लिनक्सची एक आवृत्ती उतरवून घ्यायची, आपल्या चिपसाठीचे बदल तिच्यात घालायचे आणि तीच ग्राहकाला द्यायची. पहिल्या वर्षी सगळं छान चालतं.

पुढे काय होतं ते समजायला एखाद्या जुन्या सोसायटीकडे पाहू. समजा, कोथरूडच्या एका सोसायटीत एका सभासदाने स्वतःच्या खर्चाने गच्चीवरच्या टाकीतून आपल्या फ्लॅटपर्यंत वेगळी लाइन ओढून घेतली. कमिटीला विचारलं नाही, नकाशात नोंद केली नाही. काही वर्षांनी सोसायटीने सगळं प्लंबिंग बदललं. प्लंबरने नकाशातल्या प्रत्येक फ्लॅटची लाइन नव्या पाइपला जोडून दिली. या सभासदाची लाइन तुटली, आणि ती तिथे होती हेच कुणाला माहीत नव्हतं.

लिनक्समध्ये असं प्लंबिंग अखंड बदलत असतं. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, एकेका आवृत्तीत सुमारे दोन हजार लोकांचे बदल असतात. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा तिथला कडक नियम आहे. कर्नलच्या आतल्या जोडण्यांना मात्र असं कोणतंही अभय नाही. त्या सुधारण्यासाठी कधीही बदलल्या जातात, आणि बदलणाऱ्यानेच त्या जोडणीवर अवलंबून असलेला सगळा कोड दुरुस्त करायचा, असा दंडक आहे. पण दुरुस्त होतो तो मुख्य साठ्यातलाच कोड. या मुख्य साठ्याला मेनलाइन म्हणतात. तुमचा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये असेल, तर तुम्हाला कधीही न भेटलेला ब्राझीलचा किंवा पोलंडचा अभियंता तो नव्या जोडणीला जोडून देतो. नसेल, तर दर आवृत्तीला ते काम तुमचं. सुरुवातीला एक माणूस ते करतो, मग तीन लागतात. नंतर कंपनी जुन्याच आवृत्तीवर थांबते.

काही वर्षांतच फोनला अपडेट मिळणं बंद होतं, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे. चिप कंपनीची वेगळी प्रत, तिच्यावर फोन कंपनीचे आणखी बदल, आणि तो सगळा पसारा नव्या आवृत्तीवर नेण्यात कुणालाच रस नसतो. फोन आपण बदलतो. चाकणच्या कारखान्यातला मशीनवरचा कंट्रोलर मात्र पंधरा वर्षं चालावा अशी अपेक्षा असते. हल्ली तो नेटवर्कलाही जोडलेला असतो. त्याच्या कर्नलमधली सुरक्षेची भगदाडं कोण बुजवणार? काही निवडक आवृत्त्यांना जास्त काळ दुरुस्त्या मिळतात हे खरं, पण तोही काळ दोन वर्षांपासून सुरू होतो आणि पुढे केवळ काहींनाच वाढवून मिळतो.

## ‘मग कोड पाठवून दिला की झालं ना?’

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो.

मेनलाइनमध्ये बदल जातो तो पॅचच्या रूपाने. पॅच म्हणजे कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या आणि का, हे सांगणारा छोटा मजकूर. कर्नलचा प्रत्येक भाग कुणीतरी सांभाळत असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. पॅच आधी त्याच्याकडे आणि त्या भागात काम करणाऱ्या इतरांकडे जातो, सगळ्यांसमोर, ई-मेलने. ते वाचतात, शंका विचारतात, बहुतेक वेळा पहिल्यांदा परत पाठवतात. सुधारून दुसरी खेप, मग तिसरी. नव्या चिपच्या पॅचांच्या दहा-बारा खेपा होणं तिथे नवलाचं नाही. मग मेंटेनर तो आपल्या शाखेत, म्हणजे कोडच्या स्वतःच्या प्रतीत, घेतो, तिथून तो चाचणीसाठीच्या एकत्रित साठ्यात जातो, आणि नव्या आवृत्तीची सुरुवात म्हणून दोन आठवडे दार उघडतं तेव्हा मेंटेनर आपापल्या शाखा टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात.

प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहून नाव घालावं लागतं. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं त्याने जाहीर होतं. लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा करत एससीओ कंपनी २००३ मध्ये कोर्टात गेली, त्यानंतर २००४ मध्ये ही प्रथा आली. कंपनीच्या विधी विभागाकडून ही परवानगी मिळवण्यातच अनेक पॅच अडकतात. चिप बाजारात आल्यावर विधी विभागाला जाग आली, तर वर्ष फुकट जातं.

मेंटेनर इतके काटेकोर का, हे समजायला एएमडीचं उदाहरण फार बोलकं आहे. २०१६ मध्ये या कंपनीने आपल्या नव्या ग्राफिक्स चिपांच्या डिस्प्लेसाठी सुमारे लाखभर ओळींचा कोड पुढे केला. एएमडी मोठी कंपनी, अभियंते जाणते, कोड चालणारा. तरी डिसेंबरमध्ये ग्राफिक्स विभागाचे तेव्हाचे मेंटेनर डेव्ह एअरली यांनी तो घ्यायला नकार दिला. विंडोजसाठी आणि लिनक्ससाठी एकच कोड वापरता यावा म्हणून कंपनीने मध्ये स्वतःचा एक थर घातला होता, आणि आक्षेप त्या थरालाच होता. तो कंपनीच्या सोयीचा होता. पण उद्या कुणी ग्राफिक्सच्या आतल्या जोडण्या सुधारायला घेतल्या, तर त्या थराखाली काय चाललंय हे कंपनीबाहेरच्या माणसाला कळलं नसतं. कंपनीचे लोक उद्या दुसऱ्या कामाला लागले तरी कोड तिथे राहणार आणि सांभाळायचा तो इतरांनी, हा त्यामागचा विचार.

एएमडीने मग कोड बराच बदलला, लिनक्सच्या स्वतःच्या पद्धती जिथे होत्या तिथे त्याच वापरल्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये निघालेल्या ४.१५ आवृत्तीत तो आला. नकार पचवून वर्षभर पुन्हा काम करण्याची तयारी दाखवली, याचं श्रेय मी कंपनीला नक्की देईन. आज लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर एएमडीचं घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो, त्याला ही चिकाटी कारण आहे.

## आधी ओळख, मग कोड

कोडइतकंच महत्त्व तो देणाऱ्यावरच्या विश्वासाला असतं. हे गूगललाही शिकावं लागलं. अँड्रॉइडसाठी गूगलने कर्नलमध्ये स्वतःची भर घातली होती, त्यात फोन कधी झोपवायचा हे ठरवणारी ‘वेकलॉक’ नावाची यंत्रणा होती. त्या भरीचा काही भाग कर्नलच्या कच्च्या कोडसाठी राखलेल्या कप्प्यात घेतला गेला. पण तो सांभाळायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून २०१०च्या सुरुवातीला आलेल्या २.६.३३ आवृत्तीतून तो काढून टाकला गेला. त्याची झळ एकट्या गूगलला बसली नाही. अनेक कंपन्यांचे फोनसाठी लिहिलेले ड्रायव्हर वेकलॉकवर अवलंबून होते, आणि वेकलॉकच मेनलाइनमध्ये नाही म्हटल्यावर ते ड्रायव्हरही बाहेर राहिले. पुढे दोन्ही बाजूंनी एकत्र बसून काम केलं आणि २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीपासून अँड्रॉइडचे भाग पुन्हा आत येऊ लागले.

रिस्क-फाइव्हचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये हा आज्ञासंच जन्मला तेव्हा विकायला चिप नव्हती. पण त्याच्या कर्त्यांनी कंपायलर आणि कर्नलचं काम लवकर हाती घेतलं आणि त्या त्या प्रकल्पांच्या लोकांबरोबर ते पुढे नेलं. २०१७ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या सातव्या आवृत्तीत तो आला, जानेवारी २०१८ मध्ये लिनक्स ४.१५ मध्ये आला, तोही नुसता गाभा. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली ‘इकडे लक्ष दे’ अशी खूण, हाताळणारे जरुरीचे ड्रायव्हर पुढच्या आवृत्त्यांत आले. डेबियनने त्याला अधिकृत यादीत घेतलं जुलै २०२३ मध्ये, आणि त्या यादीतून पूर्ण तयार आवृत्ती लोकांच्या हाती आली ऑगस्ट २०२५ मध्ये, डेबियन १३ च्या रूपात. कंपायलरपासून मोजलं तरी आठ वर्षं.

आपले वेगा आणि शक्ती याच आज्ञासंचावर उभे आहेत. म्हणजे सगळ्यात खालचा आणि सगळ्यात कठीण थर जगभरच्या लोकांनी आधीच बांधून ठेवलेला आहे. परम ८०००च्या वेळी ही चैन नव्हती. तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता आणि त्याच्यासाठीचं सॉफ्टवेअर सी-डॅकच्या लोकांना घरीच घडवावं लागलं. आज काम उरतं ते वरच्या थरांचं, आपल्या चिपमधल्या खास भागांचं आणि बोर्डांचं. ते जगाबरोबर करायचं की पुन्हा एकट्याने, एवढाच निर्णय उरतो. मला यात दुमताला जागा दिसत नाही.

## एकदा आत गेलं की कायमचं?

नाही. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं.

२०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून एकदम आठ आज्ञासंच काढून टाकले गेले, कारण ते वापरणारं आणि सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. इटॅनियमची गोष्ट त्याहून मोठी. इंटेल आणि एचपी या दोन बलाढ्य कंपन्यांनी अफाट पैसा ओतून हा प्रोसेसर उभा केला. २०२१ मध्ये त्याचा पुरवठा थांबला, त्याच वर्षी लिनक्सच्या नोंदीत त्याच्यापुढे ‘अनाथ’ असा शेरा पडला, आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या ६.७ आवृत्तीत त्याचा कोड राहिला नाही.

याच्या शेजारी मोटोरोलाची ६८००० ही चिप ठेवून पाहा. ती १९७९ची. अमिगा, अटारी आणि जुन्या मॅकिंटॉश संगणकांत ती होती. ती बनवणाऱ्या कंपनीला तिच्यात रस उरून जमाना झाला. पण तिच्या कुटुंबासाठीचा लिनक्सचा कोड आजही मेनलाइनमध्ये आहे, कारण ते जुने संगणक जपणारे काही हौशी लोक दर आवृत्तीला तो तपासतात, मोडलं तर दुरुस्त करतात, प्रश्नांना उत्तरं देतात. कंपनीचा पाठिंबा गेला तरी चालतं, माणसं गेली की चालत नाही.

डेबियनमध्येही हेच. एखादा आज्ञासंच अधिकृत राहायचा तर त्याच्यासाठी प्रोग्रॅम बांधणारी यंत्रं सतत चालू लागतात आणि बिघाड निस्तरणारी माणसं लागतात. डेबियन १३ मध्ये रिस्क-फाइव्ह आत आला, त्याच वेळी मिप्स या जुन्या आज्ञासंचाच्या कुटुंबातले उरलेले दोन्ही सदस्य बाहेर पडले.

## ‘आपली गुपितं उघडी पडतील!’

ही भीती पुण्यातल्या अनेक उद्योजकांकडून ऐकू येते. चिप कशी बनवली, तिचा आराखडा काय, हे ड्रायव्हरमध्ये नसतं. कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की कोणतं काम होतं, एवढंच त्यात असतं, आणि ते चिपच्या माहितीपुस्तकातही असतं. तुमचं खरं भांडवल म्हणजे मशीन कसं चालवायचं याचा हिशेब, त्याची गणितं. ती कर्नलवर चालणाऱ्या तुमच्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये असतात आणि तिथेच राहू शकतात. दुसरं असं, की लिनक्सच्या परवान्याप्रमाणे तुम्ही बदललेला कर्नल ज्याला विकता, त्याने मागितला तर त्या कर्नलचा कोड द्यावाच लागतो. एनव्हिडियासारख्या वर्षानुवर्षं दार बंद ठेवलेल्या कंपनीनेही मे २०२२ मध्ये आपल्या कर्नल ड्रायव्हरचा कोड खुला केला.

## ‘चाव्या परक्यांच्या हातात, मग हे स्वावलंबन कसलं?’

हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. मेंटेनर बहुतांश अमेरिकेत आणि युरोपात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाशी संबंधित काही मेंटेनरांची नावं निर्बंधांच्या कारणाने यादीतून काढण्यात आली. म्हणजे राजकारण या दारापर्यंत येत नाही, असं म्हणता येणार नाही.

पण तेव्हा काय झालं आणि काय नाही, हे नीट पाहायला हवं. त्या लोकांचा अधिकार गेला. त्यांनी लिहिलेला कोड तिथेच राहिला, तो उतरवून घेण्यापासून, वापरण्यापासून कुणाला अडवलं गेलं नाही, अडवता येणारही नव्हतं. पूर्ण इतिहासासकट त्याची प्रत कुणीही आपल्याकडे ठेवू शकतं. कठीण प्रसंगी ती प्रत घेऊन पुढे जायचं, तर तो कोड आतून जाणणारी माणसं आपल्याकडे असावी लागतात. अशी माणसं तयार होतात ती रोज तिथे काम करूनच. चीनने आपल्या लूंगआर्च या स्वतंत्र आज्ञासंचासाठी हाच रस्ता धरला. त्यांचा कोड २०२२ मध्ये ५.१९ आवृत्तीत आला, त्याआधी त्यांच्या अभियंत्यांनी मेंटेनरांच्या आक्षेपांवर खेपेमागून खेपा केल्या.

## छोट्या कंपनीला हे झेपेल का?

भोसरीतल्या वीस माणसांच्या कंपनीने नवी चिप बनवायची नसते, तिला चिप निवडायची असते. निम्मं काम तिथेच होतं. मेनलाइनमध्ये आधीपासून असलेली चिप निवडली, तर उरते ती बोर्डाची डिव्हाइस ट्री आणि फार तर एखादा ड्रायव्हर. स्वस्त मिळते म्हणून कंपनीच्या खासगी, जुन्या कर्नलवरच चालणारी चिप घेतली, की सुरुवातीला वाचलेले पैसे पुढे पगारात जातात.

आणि शिरकाव करायला मोठा पॅच लागत नाही. तुमच्याकडे असलेल्या बोर्डावर दुसऱ्या कुणाचा पॅच चालवून पाहा आणि निकाल कळवा. चालला तर त्याखाली ‘टेस्टेड-बाय’ म्हणून तुमचं नाव लागतं. मेंटेनरकडे बोर्ड नसतात, वेळ नसतो. खऱ्या हार्डवेअरवर तपासून देणारा माणूस त्याला पॅच लिहिणाऱ्याइतकाच हवासा असतो. दुसऱ्याचा पॅच बारकाईने वाचून चूक दाखवली, तर तीही नोंद होते. असं सहा महिने केलेल्या माणसाचा स्वतःचा पॅच आला, की तो कुणा अनोळख्याचा राहत नाही.

पुण्यात हे करू शकणारे हात कमी नाहीत. सी-डॅकमधून एम्बेडेड सिस्टिम शिकून दर वर्षी मुलं बाहेर पडतात, पुणे लिनक्स यूझर्स ग्रुप जुना आहे, सिम्बायोसिसमध्ये ‘ग्नुनिफाय’ ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद अनेक वर्षं भरली. संगणकावर मराठी नीट दिसावी यासाठीही अशीच कामं झाली. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला लोहित टंक आणि त्या काळात इथल्या लोकांनी केलेली भाषांतरं यांमुळे मराठी लिनक्सवर आली. ‘कऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ यांतला र नीट दिसावा, हे सांगायला तिथे मराठी माणूसच हजर असावा लागतो.

कमी पडते ती वरिष्ठांची परवानगी. आठवड्यातला एक दिवस अभियंत्याने मेनलाइनच्या कामाला द्यावा, हे वेळापत्रकात लिहिणाऱ्या कंपन्या फार थोड्या. काम ग्राहकाच्या मुदतीपुरतं होतं, पॅच कंपनीच्या सर्व्हरवरच राहतो, आणि तो लिहिणारा दुसरीकडे गेला की सगळं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

## बोर्ड विकत घेणाऱ्याने काय पाहायचं?

कारखाना असो, महाविद्यालय असो की सरकारी खातं, बोर्ड घेताना ‘लिनक्स चालतं का’ हा प्रश्न अपुरा आहे. विक्रेता ‘हो’ म्हणेल आणि ते खोटंही नसेल. मेनलाइनच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतं, हे विचारा. कंपनीने दिलेल्या प्रतीऐवजी थेट मेनलाइन टाकलं तर कोणते भाग बंद पडतात, हे विचारा. शक्य असेल तर निविदेच्या अटींतच हे घाला.

आणि उत्तर स्वतःलाही तपासता येतं. कर्नलच्या कोडसोबत ‘मेंटेनर्स’ नावाची एक साधी फाइल असते, कुणालाही उघडून वाचता येते. प्रत्येक भागापुढे सांभाळणाऱ्याचं नाव आणि एक शेरा असतो. ‘सपोर्टेड’ म्हणजे हे काम करण्यासाठी कुणाला तरी पगार मिळतो. ‘मेन्टेन्ड’ म्हणजे कुणीतरी खरोखर लक्ष देतंय. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे वेळ मिळाला तर किरकोळ दुरुस्ती होईल. ‘ऑर्फन’ म्हणजे कुणी नाही. घ्यायच्या चिपचं नाव त्या फायलीत शोधा, आणि देशी चिप असेल तर तिच्या नावापुढे पगार देणारी भारतीय संस्था आहे का, तेही बघा.